दुधाच्या दाताची मुतालकी

मुलाचा पहिला दात पडतो त्या दिवशी घरात लहानसा सोहळाच होतो. परंतु त्या सोहळ्यातील उत्सवमूर्तीकडे, म्हणजे प्रत्यक्ष दाताकडे, सहसा कोणी निरखून पाहत नाही. आमच्या बाळपणी पडलेला दात शेणाच्या गोळ्यात दडवून कौलांवर फेकीत. पाखराच्या दृष्टीस तो पडला तर नवा दात यावयाचा नाही, अशी आजीची सक्त ताकीद असे, आणि जुना दात उंदीरमामाला देऊन त्याच्यासारखा धारदार नवा दात बदल्यात घ्यावयाचा, असा सौदा ठरलेला असे. हा सौदा ज्याने प्रथम मुक्रर केला त्याची निरीक्षणशक्ती वाखाणली पाहिजे. कारण उंदराचे पुढचे दात जन्मभर वाढत राहतात, आणि कुरतडून ते झिजवले नाहीत तर त्याच्याच जिवावर बेततात. मनुष्याला मात्र निसर्गाने दातांच्या दोनच खेपा मंजूर केल्या आहेत, आणि दुसऱ्या खेपेनंतर अर्ज चालत नाही.

गेल्या महिन्यात माझ्या सहा वर्षांच्या नातीचा खालचा दात पडला, तेव्हा तो तळहातावर घेऊन मी भिंगाखाली धरला. डाळिंबाच्या दाण्याहूनही लहान, किंचित निळसर झाक असलेला शुभ्र माथा. आणि त्याखाली, जेथे मूळ असावयाचे तेथे, कुरतडल्यासारखी खडबडीत कडा व मधोमध लालसर पोकळी. “आजोबा, याला मूळच नव्हतं का हो?” तिने विचारले. दुधाच्या दातांना मुळे नसतात ही समजूत पुष्कळ जाणत्या माणसांचीही असते. वस्तुतः याच दाताला दोन-तीन वर्षांपूर्वी माथ्याहून लांब असे भक्कम मूळ होते. ते मोडले नाही, कुजले नाही, कोणी उपटलेही नाही. खालून वर येणाऱ्या वारसासाठी शरीरानेच ते कणाकणाने विरघळवून परत घेतले होते.

पेशवाईच्या दप्तरांत मुतालिक नावाचा एक अंमलदार वारंवार भेटतो. मूळ अधिकारी अज्ञान किंवा दूर असला म्हणजे त्याच्या नावाने शिक्के चालवावयाचे, त्याची जागा राखावयाची, आणि धनी हजर झाला की कारभार त्याच्या हवाली करून बाजूस व्हावयाचे, हे त्याचे काम. इतिहासातील सगळेच मुतालिक या कसोटीस उतरले नाहीत, ही गोष्ट निराळी. दुधाचा दात मात्र बहुधा उतरतो. ‘दुधाचा’ आणि ‘कायमचा’ असे दोन शब्द वापरून आपण जणू दोन स्वतंत्र वस्तूंचा भेद केला, आणि पहिलीस तात्पुरती ठरवून तिची हेळसांड करण्याची सनदच स्वतःला लिहून दिली. या विषयातील आजवरच्या ज्ञानाचा आढावा घेऊ लागले म्हणजे ध्यानात येते ते इतकेच, की येथे दोन वस्तू नाहीत. गर्भावस्थेत आरंभलेला आणि विशीच्या उंबरठ्यावर संपणारा तो एकच अखंड कारभार आहे.

या कारभाराची दखल आपल्याकडे फार पूर्वी घेतली गेली. संस्कृतात दाताला ‘द्विज’ म्हणतात ते तो दोनदा जन्मतो म्हणून. नेपाळात सापडलेल्या हस्तलिखितावरून १९३८ साली छापून प्रसिद्ध झालेल्या काश्यपसंहितेत, जी आयुर्वेदातील बालचिकित्सेचा प्रमुख ग्रंथ मानली जाते, दंतजन्माला एक स्वतंत्र अध्याय दिलेला आहे. मनुष्याच्या बत्तीस दातांपैकी आठ एकदाच उगवतात आणि बाकीचे द्विज होत, अशी त्यात गणना आहे. आजचा हिशेब असा : दुधाचे दात वीस, आणि त्यांच्या जागी येणारे कायमचे दातही वीसच, उरलेल्या बारा दाढा, म्हणजे वर-खाली प्रत्येक बाजूच्या मागील तीन-तीन, एकदाच येतात. त्यांतून अनेकांना न येणाऱ्या चार अक्कलदाढा वजा केल्या तर बाकी नेमकी आठ राहते. मुलींचे दात मुलांच्या मानाने लवकर येतात, असेही तो ग्रंथकार नोंदवतो. कायमच्या दातांपुरते तरी ते निरीक्षण आजही खरे ठरते.

परंतु निरीक्षणाच्या शेजारी भीतीही नांदत होती. जन्मतःच दात असणे किंवा वरचे दात आधी येणे हे प्राचीनांनी अशुभ मानले, आणि वरचा दात आधी दिसला की मामाला जड, ही समजूत आपल्या घराघरांतून आजही पुरती गेलेली नाही. जन्मतः दिसणारा दात बहुधा दुधाचाच, थोडा उतावीळ निघालेला दात असतो. मामाचा त्यात काही दोष नसतो, आणि भाच्याचाही नसतो. युरोपात तर या भीतीने फार उग्र रूप धारण केले होते. सोळाव्या शतकातील फ्रेंच शल्यविशारद आंब्र्वाज पारे याच्यापासून पुढे तीन शतके, दात वर येईना म्हणून बालकांच्या हिरड्या शस्त्राने चिरण्याची प्रथा तेथे चालली. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या सरकारी मृत्युनोंदींत ‘दात येणे’ हे मरणाचे कारण म्हणून बिनदिक्कत लिहिले जाई. दात येताना मुलांना देण्याच्या ज्या पुडी तेथे विकत मिळत, त्यांत पाऱ्याचे संयुग असे; हातापायांचे तळवे लाल होऊन मूल झुरत जाण्याचा एक रोग त्या पाऱ्यामुळेच होतो हे उमगेपर्यंत विसाव्या शतकाचा मध्य उजाडला, आणि १९५४ च्या सुमारास त्या पुडी बंद झाल्यावर तो रोगही जवळजवळ नाहीसा झाला. रोगापेक्षा औषध घातक ठरल्याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

खरे पाहता, दात येताना हिरडी शिवशिवते, लाळ गळते, मूल थोडे किरकिरते आणि हाती येईल ते चावते. याहून अधिक काही होत नाही. जोराचा ताप किंवा जुलाब यांचे खापर दातावर फोडणे म्हणजे खरा गुन्हेगार मोकळा सोडणे होय. हा गैरसमज झाला तो काळाच्या योगायोगाने. सहाव्या महिन्याच्या आगेमागे, आईकडून उदरात मिळालेली रोगप्रतिकारक शक्तीची शिदोरी संपत आलेली असते, त्याच सुमारास मूल रांगू लागून जमिनीवरची प्रत्येक वस्तू तोंडात घालते, आणि नेमका त्याच वेळी पहिला दात डोकावतो. तेव्हा संशय त्याच्यावर जावा यात नवल नाही.

आता या दाताचा जन्म खरोखर केव्हा होतो ते पाहू. हिरडीबाहेर त्याचे टोक दिसते तो दिवस आपण जन्मदिवस मानतो. परंतु त्याची पायाभरणी गर्भाच्या सहाव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे आईला आपल्या स्थितीची जेमतेम खातरजमा झालेली असते त्या वेळीच, सुरू झालेली असते. भावी जबड्याच्या कडेने पेशींची एक कमानदार पट्टी आत उतरते, तिच्यावर ठराविक अंतराने कळ्या धरतात, कळीची टोपी होते, टोपीची घंटा होते, आणि चौथ्या महिन्याच्या आगेमागे त्या घंटेच्या टोकावर खनिजाचा पहिला थर बसू लागतो. आतील पेशी दंतिन, म्हणजे दाताचा आतला थर, घडवतात, बाहेरच्या पेशी दंतवल्क, म्हणजे त्यावरचे कवच. वजनाच्या मानाने शंभरातील सुमारे शहाण्णव भाग खनिज असलेले हे दंतवल्क शरीरातील सर्वांत कठीण द्रव्य होय. पण त्याचे कारागीर काम आटोपताच नष्ट होतात, म्हणून हाड मोडले तर सांधते आणि दाताचा टवका उडाला तर तो भरून येत नाही.

या दंतवल्काच्या घडणीत एक विलक्षण नोंद उमटते. रोज थरावर थर चढत असताना मूल जन्मास येते. नाळ तुटते, श्वास सुरू होतो, अन्नाची वाट बदलते. या घालमेलीत कारागिरांचा हात क्षणभर अडखळतो आणि त्या दिवसाची एक रेघ दंतवल्कात कायमची राहून जाते. दुधाच्या दाताचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर रेघेच्या एका बाजूस आईच्या उदरात घडलेला दात आणि दुसऱ्या बाजूस जगात आल्यावर घडलेला दात असे दोन भाग स्पष्ट दिसतात. जन्माचा दाखला गहाळ होईल, कुंडली हरवेल. दाताच्या दप्तरातली ही नोंद मात्र कोणाला खोडता येत नाही.

पुढील क्रम सर्वसाधारणपणे ठरलेला आहे. सहा ते दहा महिन्यांच्या दरम्यान खालचे मधले दोन पटाशीचे दात, मग वरचे दोन, त्यांच्या बाजूचे चार, सव्वा-दीड वर्षाच्या सुमारास पहिल्या दाढा, त्यांच्यामागून सुळे आणि शेवटी दुसऱ्या दाढा. अडीच ते तीन वर्षांत विसांची हजेरी पुरी होते. येथे सुळ्याआधी दाढ येते हे पुष्कळांच्या ध्यानात नसते, आणि मधे रिकामी जागा पाहून आई घाबरते. या विषयाची कोष्टके जगभर ज्यांच्या आधारे छापली गेली ते लोगन व क्रोनफेल्ड यांचे १९३३ चे संशोधन थोड्याशा मृत बालकांच्या जबड्यांच्या अभ्यासावर उभे होते. म्हणून कोष्टक हे हुकूमनामा म्हणून वाचू नये. शेजारच्या बाळाला सहाव्या महिन्यात दात आला आणि आपल्या बाळाला अकराव्यात, एवढ्याने काही बिघडत नाही. दीड वर्ष उलटूनही एकही दात न दिसला तर मात्र डॉक्टरांना दाखवावे. कारण मुडदूस किंवा गलग्रंथीची मंदता अशी कारणे क्वचित त्यामागे दडलेली असतात.

दात वर कसा येतो, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. मूळ वाढते आणि दाताला वर ढकलते, असे स्वाभाविकपणे वाटते. पण काहिल व मार्क्स या अमेरिकन संशोधकांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात कुत्र्यांच्या पिलांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले, की दाताभोवतीची पातळ पिशवी काढून टाकली तर दात जागेवरून हलत नाही, आणि पिशवी शाबूत ठेवून आतला दात काढून त्याच्या जागी धातूची प्रतिकृती बसवली तर ती निर्जीव प्रतिकृतीही मुकाट्याने वर येते. वाट मोकळी करण्याचा अधिकार दाताकडे नसून त्या पिशवीकडे आहे, ही गोष्ट मोठी अर्थपूर्ण आहे. तीच पिशवी वरचे हाड, आणि हाडात रोवलेले दुधाच्या दाताचे मूळ, विरघळवण्याची व्यवस्था लावते. नातीच्या दाताची कुरतडलेली कडा हे उंदराचे नव्हे, याच यंत्रणेचे काम होते.

पाच-सहा वर्षांच्या मुलाच्या जबड्याचे क्ष-किरणचित्र ज्यांनी एकदा पाहिले असेल ते सहसा विसरत नाहीत. तोंडात विसांची ओळ, आणि तिच्या पोटात, हाडाच्या कोठडीत, अर्धवट घडलेल्या दुसऱ्या दातांची दाटी. अक्कलदाढा सोडल्या तर दोन्ही मिळून अठ्ठेचाळीस दात त्या चिमुकल्या चेहऱ्यात एकाच वेळी नांदत असतात. दुधाच्या दाढेची मुळे पंजासारखी फाकलेली असतात आणि त्या पंजाच्या मधोमध भावी उपदाढेचा अंकुर तोलून धरलेला असतो. पुढचे कायमचे दात दुधाच्या दातांच्या आतल्या बाजूस वाढतात; म्हणून कधी कधी जुना दात पडण्यापूर्वीच त्याच्यामागे नवा उभा राहतो आणि दोन ओळी दिसतात. हा प्रकार भयंकर नाही. बहुधा जुना दात लवकरच हलू लागतो, आणि जिभेच्या रेट्याने नवा हळूहळू पुढे सरकतो. मुतालिक हटून बसला तरच दंतवैद्याने मध्यस्थी करावी.

दातांची ही कालमर्यादा इतकी नियमित, की तिने एके काळी कायद्याची चाकरीही केली. १८३३ च्या कायद्याने इंग्लंडात कापडगिरण्यांत नऊ वर्षांखालील मुलांना कामास मनाई झाली आणि तेरा वर्षांपर्यंत कामाच्या तासांना मर्यादा पडली. परंतु जन्मनोंदणी तेथे १८३७ पर्यंत सुरूच झाली नव्हती, आणि आईबाप पोटासाठी मुलाचे वय वाढवून सांगत. तेव्हा एडविन सॉन्डर्स या दंतवैद्याने हजारांहून अधिक मुलांची तोंडे तपासून, उंचीपेक्षा दात हा वयाचा अधिक विश्वासू साक्षीदार आहे, असे पार्लमेंटपुढे मांडले. मुंबईच्या गिरण्या डोळ्यांपुढे ठेवून झालेल्या १८८१ च्या हिंदुस्थानच्या कारखाने कायद्यात किमान वय सात आणि १८९१ च्या दुरुस्तीत नऊ ठरले. सातव्या वर्षी, म्हणजे पुढचे दुधाचे दात पडलेल्या तोंडाने, गिरणीत उभे राहण्याची त्या कायद्याने परवानगी दिली होती, हे बोळके डोळ्यांपुढे आणल्यावाचून त्या आकड्याचा अर्थ कळत नाही.

सहा ते बारा ही वर्षे म्हणजे अंमल बदलण्याचा काळ. तोंडात दोन राजवटींचे अंमलदार शेजारी शेजारी बसलेले असतात. सहाव्या-सातव्या वर्षी खालचे मधले, सात-आठाच्या दरम्यान वरचे मधले, मग बाजूचे. दहा ते बारा या वर्षांत दुधाच्या दाढांच्या जागी उपदाढा, अकरा-बारा वर्षांच्या सुमारास वरचे सुळे, आणि बाराव्याच्या आसपास दुसरी कायमची दाढ. या काळात मुलाचा चेहरा काही दिवस बेढब दिसतो. नवे दात तोंडाच्या मानाने मोठे, दुधाच्या दातांपुढे पिवळसर आणि करवतीसारख्या कडेचे असतात. वरच्या पुढच्या दातांत फट पडते, ते पंख्यासारखे फाकतात. ब्रॉडबेंट या दंतरचनातज्ज्ञाने १९३७ मध्ये या अवस्थेला बदकाच्या कुरूप पिलाची अवस्था असे समर्पक नाव दिले. वरच्या जबड्यातला उगवता सुळा शेजारच्या दाताच्या मुळावर दाब देतो म्हणून माथे फाकतात, आणि सुळा खाली उतरला की फट बहुधा आपोआप मिटते. तेव्हा आठव्या वर्षीच तारा बसवण्याचा तगादा लावणाऱ्या आईबापांनी थोडा दम धरावा.

जागेच्या जमाखर्चातही निसर्गाने शिल्लक ठेवलेली असते. दुधाचा सुळा आणि दोन दाढा मिळून जेवढी जागा व्यापतात तिच्यापेक्षा त्यांचे वारस थोडी कमी घेतात. हा फरक खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूस सुमारे १.७ मिलिमीटर आणि वरच्या जबड्यात ०.९ मिलिमीटर, असे नान्स या दंततज्ज्ञाने १९४७ मध्ये मांडले. ज्वारीच्या दाण्याहून कमी अशी ही शिल्लक. पण तिच्यावर पुढची सारी दंतपंक्ती सरळ बसावयाची असते. दुधाची दाढ किडून अवेळी काढावी लागली, की मागची कायमची दाढ त्या मोकळ्या जागेत सरकते, शिल्लक खर्ची पडते, आणि चार वर्षांनी येणारी उपदाढ दाराशीच अडकून राहते. दुधाच्या दाढेच्या मुळाशी पू झाला, तर पंजातल्या अंकुराच्या दंतवल्कावरही डाग आणि खड्डे पडतात. मुतालिकाचा गुन्हा आणि वारसाला शिक्षा, असा हा न्याय आहे.

आणि आता ज्या दाताची सर्वांत अधिक उपेक्षा होते त्याच्याविषयी. सहाव्या वर्षी, दुधाच्या शेवटच्या दाढेच्या मागे, पहिली कायमची दाढ येते. तिच्यापूर्वी त्या जागी कोणी नसतो. म्हणून ती येताना काही पडत नाही, काही हलत नाही, सोहळा होत नाही. तिचे खनिजीभवन जन्माच्या सुमारासच सुरू झालेले असते, आणि जन्माची ती रेघ तिच्यातही सापडते. एका दवाखान्याच्या बाकावर बसलो असता शेजारची आई डॉक्टरांना म्हणाली ते मला आठवते : “दुधाचीच दाढ ना, पडेलच की पुढे.” मूल सात-आठ वर्षांचे, दाढेच्या खाचेत काळा खळगा. ती दाढ पडणार नव्हती. तिला पुढची साठ वर्षे चावावयाचे होते. नव्याने उगवलेल्या दाढेचे दंतवल्क कोवळे असते, तिच्या खाचा खोल असतात, आणि ब्रश तिथवर पोहोचत नाही. अशा खाचा वेळीच लेप भरून बंद करता येतात.

किडीचे मर्म आता गूढ राहिलेले नाही. तोंडातील जंतू साखरेवर जगतात आणि आम्ल सोडतात, ते आम्ल खनिज विरघळवते, असे मिलर या शास्त्रज्ञाने १८९० मध्ये सांगितले, आणि तो पाया आजही टिकून आहे. रात्री तोंडात दुधाची बाटली ठेवून झोपणाऱ्या बाळाचे वरचे चार पुढचे दात आधी किडतात आणि खालचे वाचतात, कारण खालच्यांवर जिभेची पाखर असते. किरकिरणाऱ्या बाळाला साखरेचे बोट चाटवणे ही माया असली तरी दात येऊ लागल्यानंतर ती महाग पडते. भारतीय दंत परिषदेच्या २००२-०३ च्या देशव्यापी पाहणीत पाच वर्षांच्या मुलांपैकी निम्म्याहून अधिकांचे दात किडलेले आढळले, तेव्हा हा प्रश्न चैनीचा नाही. उपाय साधे आहेत : पहिला दात दिसताच तो पुसणे व घासणे, तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी आणि पुढे सहापर्यंत वाटाण्याएवढी फ्लोराइडयुक्त पेस्ट, आणि पहिल्या वाढदिवसापर्यंत दंतवैद्याची एक भेट.

फ्लोराइडची कथा मात्र दुधारी आहे. योग्य प्रमाणात ते दंतवल्काला आम्लापासून वाचवते. पाण्यात लिटरमागे दीड मिलिग्रॅमच्या पुढे गेले की हाडांची व दातांची हानी करते. चंद्रपूर, यवतमाळ या जिल्ह्यांतील काही गावांत विंधन विहिरींच्या पाण्यामुळे मुलांचे कायमचे दात पिवळे-तपकिरी, डागाळलेले दिसतात. हे डाग घासून जात नाहीत, कारण ते मळाचे नसतात. पहिल्या सात-आठ वर्षांत, दंतवल्क घडत असताना, ते मूल कोणते पाणी प्याले याची ती नोंद असते. दात दिसू लागल्यावर पाणी बदलणे म्हणजे इमारत उभी राहिल्यावर पाया तपासणे होय.

सतरा ते एकवीसच्या दरम्यान अक्कलदाढ आली, किंवा आलीच नाही, की हा कारभार संपतो. इतक्या दीर्घ मुदतीच्या कामात घराचे लक्ष वेधले जाते ते एकदाच, पहिला दात पडतो तेव्हा. आणि काळजीचा खरा हंगाम त्याच्या कितीतरी आधी सुरू होऊन कितीतरी पुढेपर्यंत चालतो.

नातीने तो दात माझ्याकडून परत मागून घेतला. पाचव्या मजल्यावर कौले नाहीत, म्हणून तिने तो तुळशीच्या कुंडीत पुरला आणि उंदीरमामाला निरोप धाडला. मग मी तिला खिडकीशी उभी करून आ करावयास सांगितले. पुढच्या फटीकडे न पाहता अगदी मागे, दुधाच्या शेवटच्या दाढेपलीकडे नजर टाकली. तेथे हिरडी फोडून पांढरी दोन टोके नुकतीच वर आली होती. घरात कोणालाच त्याची वार्ता नव्हती, आणि ज्वारीची भाकरी चावून खाणाऱ्या नातीलाही नव्हती.